वेठ आणि वेतन यांमधली रेघ

बोईसरच्या पूर्वेस, चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बेटेगावातून जो कामगार डबा घेऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला हजर होतो, त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'मूळ वेतन' आणि 'विशेष भत्ता' असे दोन रकाने असतात. आणि ते उगवले कोठून हे जाणायचे, तर याच मुलखाचा इतिहास चाळावा लागतो.

1945 साली, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील तलासरी-डहाणूच्या माळांवर, सावकार-जमीनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या वेठ करीत आलेल्या वारल्यांनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली विळे खाली ठेवले आणि पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळालेच पाहिजेत असे निक्षून सांगितले.

पुढे 1948 साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्यानुसार मालक व कामगार यांचे समसंख्य प्रतिनिधी आणि एकतृतीयांशाहून अधिक नसलेले स्वतंत्र सदस्य यांची समिती नेमून, अथवा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून व हरकतींसाठी किमान दोन महिन्यांची मुदत देऊन, सरकार दर मुक्रर करू लागले. महाराष्ट्रात परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल ही प्रतवारी पाहून मूळ वेतन ठरते. विशेष भत्ता मात्र महागाईच्या निर्देशांकाबरोबर दर सहा महिन्यांनी बदलतो.

किमान वेतनाच्या आकड्याचे माप 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले: कर्ता पुरुष 1, स्त्री 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6, असे तीन घटकांचे कुटुंब. प्रौढ माणसास 2700 उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवा व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितले. 2019 च्या वेतन संहितेत जुना कायदा विलीन झाला आणि केंद्राच्या तळवेतनाखाली कोणत्याही राज्याने उतरू नये, असा दंडक आला.

परंतु या साऱ्याचा आत्मा 1982 च्या एका निवाड्यात आहे. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम ही संविधानाच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय. पोटाची निकड हीदेखील सक्तीच आहे. वारल्याला माळावर जे कळले होते, तेच येथे न्यायासनावरून उच्चारले गेले. म्हणून ठेकेदाराने हजेरी कापून हाती ठेवलेली रक्कम त्या दोन रकान्यांच्या बेरजेहून कमी भरली, तर तो निव्वळ हिशेबातला फरक नसतो. बंद झालेली वेठ तेथे पुन्हा सुरू झालेली असते.