टेस्टोस्टेरॉनचा हुकूम आणि ऊतींची मर्जी

टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला पुरुषदेहाचा कर्ताधर्ता मानण्याची रीत असली, तरी कोणते जनुक कार्यरत व्हावे, म्हणजे त्यातील माहितीवरून आरएनए आणि पुढे प्रथिन घडावे, हे बऱ्याच अंशी संप्रेरक स्वीकारणारी ऊतीच ठरवते. वृषणातील लायडिग पेशींत तयार होणारा हा मेदात विरघळणारा रेणू पेशीपटल सहज ओलांडतो आणि आतील अँड्रोजन-ग्राही नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. तोवर सहायक प्रथिनांनी धरून ठेवलेला हा ग्राही मग आकार बदलून केंद्रकात शिरतो, डीएनएवरील ठरावीक जागी जोडीने बसतो आणि काही जनुकांचे वाचन वाढवतो, तर काहींचे रोखतो.

गंमत अशी की, ज्या पेशींपासून शुक्राणू घडतात त्यांच्यात हा ग्राही कार्यरत नसतो. त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशी संप्रेरकाचा संदेश घेतात आणि आपली जनुके त्यानुसार चालवून शुक्राणूंची वाढ पुरी करवतात. त्यासाठी वृषणात रक्ताच्या कैक पट टेस्टोस्टेरॉन लागते. बाहेरून इंजेक्शन घेतल्यास मेंदूकडून वृषणाला मिळणारी चालना मंदावते, तेथील पातळी घसरते आणि शुक्राणू घटतात.

प्रोस्टेट ग्रंथीचा व्यवहार निराळा आहे. तेथे फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते, जे ग्राहीला अधिक घट्ट धरून राहते. त्यामुळे कार्यरत होणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे पीएसए या प्रथिनाचे जनुक. रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा ग्रंथीच्या स्थितीबरोबर संप्रेरकाचा प्रभावही सांगतो, हे अनेकदा विसरले जाते. या विकराला अडवणारे फिनास्टेराइड काही महिने घेतल्यावर तो आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून डॉक्टर तो दुप्पट धरून वाचतात.

वृषणे काढल्यास वा इस्ट्रोजेन दिल्यास पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागो येथे १९४१ मध्ये दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक तोडण्याचा हा उपाय आजही उपचारांचा कणा आहे. मात्र बहुतेक प्रगत रुग्णांत तो कालांतराने निष्प्रभ ठरतो. कारण काही कर्कपेशी ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढवून अत्यल्प संप्रेरकावरही काम भागवतात, तर काहींत संप्रेरकाला धरणारा भागच गळालेला असा ग्राही तयार होतो, जो कोणाच्याही हुकमाविना जनुके चालू ठेवतो.