स्कायलाइन ड्राइव्ह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यातील एक निसर्गसुंदर पर्वतीय मार्ग. लांबी सु. १६९ किमी. ॲपालॅचिअन पर्वतप्रणालीतील ब्लू रिज रांगेच्या माथ्यावरून तो उत्तरेस फ्रंट रॉयलपासून दक्षिणेस रॉकफिश खिंडीपर्यंत जातो. शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाचा हा कणाच होय. मार्गाच्या पश्चिमेस शेनँडोआ नदीचे खोरे, तर पूर्वेस पीडमाँटचा सखल प्रदेश दिसतो. स्कायलँडजवळ मार्गाची उंची सर्वाधिक, म्हणजे सु. १,१२२ मी. आहे. वाटेत सु. ७० दर्शनस्थळे असून वेगमर्यादा ताशी सु. ५६ किमी. आहे.

शरद ऋतूतील पर्णशोभेसाठी हा मार्ग विशेष प्रसिद्ध आहे. दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या की, पानझडी वृक्षांच्या पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते आणि त्याखाली झाकलेली पिवळी व नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. तांबडी अँथोसायनिन द्रव्ये मात्र बहुधा याच काळात नव्याने तयार होतात. त्यामुळे हिकरी व ट्यूलिप वृक्ष पिवळे, तर तांबडा मॅपल लालभडक दिसतो. रंगबदल ऑक्टोबरच्या प्रारंभी उंच माथ्यांवर सुरू होऊन क्रमाने खाली उतरतो. म्हणूनच माथ्यावरून खिंडीत उतरणाऱ्या प्रवाशास एकाच दिवशी त्याच्या निरनिराळ्या अवस्था पाहावयास मिळतात.

अवर्षणग्रस्तांना रोजगार देण्यासाठी मिळालेल्या निधीतून १९३१ मध्ये रस्त्याचे काम सुरू झाले. मधला टप्पा १९३४ मध्ये, उत्तरेकडील १९३६ मध्ये व दक्षिणेकडील १९३९ मध्ये खुला झाला. मंदीच्या काळातील सिव्हिलियन काँझर्व्हेशन कोअर या रोजगार योजनेतील तरुणांनी उतारांना आकार दिला, दगडी कठडे बांधले व वृक्ष लावले. उद्यानाची स्थापना १९३५ मध्ये झाली. कृष्णवर्णीय पर्यटकांसाठी १९३९ मध्ये लुइस मौंटन येथे वेगळी निवासव्यवस्था करण्यात आली. ही भेदनीती १९५० पर्यंत संपुष्टात आली.

येथील अरण्य आदिम वाटत असले, तरी ते बहुतांशी पुन्हा वाढलेले आहे. या डोंगरांत पूर्वी शेते, फळबागा व कुरणे होती. व्हर्जिनिया राज्याने १९२८ च्या कायद्यान्वये जमिनी संपादन करून केंद्र शासनास दिल्या आणि पाचशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. काही निघून गेली, काहींना सक्तीने हलविण्यात आले. मोजक्या वृद्धांना आजन्म राहू देण्यात आले. सोडलेल्या शेतांत वृक्ष वाढले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवकजन्य रोगाने अमेरिकन चेस्टनट वृक्ष नष्टप्राय झाले व त्यांची जागा मुख्यतः ओक वृक्षांनी घेतली. बिग मेडोज हे मोठे कुरण मात्र गवत कापून व नियंत्रित वणवे लावून मोकळे ठेवावे लागते. १९७६ मध्ये उद्यानाच्या सु. ४० टक्के क्षेत्रास कायद्याने ‘वन्य प्रदेश’ हा दर्जा मिळाला.

स्कायलाइन ड्राइव्हला २००८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या दक्षिण टोकापासून ब्लू रिज पार्कवे हा सु. ७५५ किमी. लांबीचा मार्ग सुरू होतो. शरदातील रंगोत्सव ओसरून पाने गळाली की, रानात जुन्या वस्त्यांचे दगडी बांध, धुराडी व दफनभूमी अधिक स्पष्ट दिसू लागतात.