कर्ज माणसाचे, बोजा जमिनीचा : जमीन खरेदी व तारण कर्जाविषयी नेहमीच्या शंका

शेतकरी मेळाव्यात खते, बियाणे आणि तणनियंत्रणावरील चर्चा संपली, की चार-दोन शेतकरी हमखास मागे थांबतात. त्यांचे प्रश्न पिकाचे नसतात. "शेजारचं दोन एकर मिळतंय, पण उताऱ्यावर बँकेचं नाव आहे; घ्यावं का?" "कर्ज फिटून सहा वर्षं झाली, तरी बोजा निघेना, काय करावं?" असे ते प्रश्न असतात. जमीन हेच शेतीचे मूळ भांडवल असल्याने या शंकांचे निरसन होणे पीक सल्ल्याइतकेच गरजेचे आहे. त्या दृष्टीने नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांमागील सूत्र एकच आहे : कर्ज माणसाने घेतलेले असले तरी बोजा जमिनीवर बसतो, आणि जमीन जिकडे जाते तिकडे बोजाही जातो.

प्रश्न १ : सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे. तेवढ्यावर व्यवहार करावा काय?

उत्तर : करू नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मात्र मालकी हक्क मिळतो तो खरेदीखत, वारसा, वाटणी, बक्षीसपत्र अशा मार्गांनी. म्हणून पुढील बाबी तपासाव्यात.

(अ) सातबाऱ्यावर दिलेल्या फेरफार क्रमांकांच्या नकला काढून जमीन विकणाऱ्याकडे कशी आली ते पाहावे. वारसाने आली असल्यास सर्व वारसांची नावे लागली आहेत काय याची खात्री करावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. बहिणींची संमती न घेता केलेली खरेदी पुढे कोर्टात जाते.

(आ) भूधारणा पद्धती पाहावी. 'भोगवटादार वर्ग-२' असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीची गरज आहे काय हे तहसील कार्यालयात विचारावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

(इ) 'इतर अधिकार' हा रकाना शब्दन् शब्द वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाई आदेश या नोंदी येथेच असतात.

(ई) दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ वरून किमान ३० वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. नोंदणीकृत गहाणखत झाले, पण सातबाऱ्यावर बोजा चढला नाही, असेही घडते.

याशिवाय घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. क्षेत्र तुकडेबंदी कायद्यात बसते काय हेही आधी पाहावे.

प्रश्न २ : उताऱ्यावर बोजा असलेली जमीन घ्यावी काय?

उत्तर : बोजा आहे म्हणून जमीन वाईट ठरत नाही, मात्र पैसे देण्याचा क्रम चुकता कामा नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सभासदाने ज्या जमिनीवर इकरार करून दिला आहे, ती संपूर्ण कर्ज व्याजासह फिटेपर्यंत विकण्यास मनाई आहे. "कर्ज मी भरतो, तुम्ही खरेदी करून घ्या," या तोंडी वचनावर विसंबू नये.

समजा, जमिनीची किंमत १२ लाख रुपये ठरली आणि विकणाऱ्याकडे बँकेची २ लाख ३५ हजार रुपये बाकी आहे. अशा वेळी प्रथम बँकेकडून ठराविक तारखेपर्यंतच्या व्याजासह येणे रकमेचे पत्र घ्यावे. साठेखत करून त्यात ही बाकी स्पष्ट लिहावी. इसाराच्या रकमेतून २ लाख ३५ हजार रुपये विकणाऱ्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्ज खात्यात भरावेत व पावती घ्यावी. नंतर बेबाकी दाखला, बोजा कमी झाल्याचा फेरफार, त्यानंतर खरेदीखत आणि खरेदीखताच्या वेळीच उरलेली रक्कम, असा क्रम ठेवावा. सर्व रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

प्रश्न ३ : साठेखत झाले, ताबाही मिळाला. आता खरेदीखताची घाई कशाला?

उत्तर : साठेखत हा विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे. त्याने मालकी येत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी हजर करावे लागते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत व शीघ्रसिद्ध गणकातील मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर आकारले जाते. म्हणून कागदावर किंमत कमी दाखवून फायदा होत नाही. उलट व्यवहार मोडल्यास खरी रक्कम परत मिळणे अवघड होते.

खरेदीखतानंतर फेरफार नोंद घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आता नोंदणीची माहिती संगणकाद्वारे तहसीलकडे जाते. तरीही आपल्या नावाचा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

प्रश्न ४ : शेतीकर्जासाठी जमीन तारण द्यावीच लागते काय?

उत्तर : रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली आहे. त्यापुढील कर्जासाठी बँक सर्वसाधारणपणे तारण मागते. गहाणखताने किंवा इकराराने जमिनीवर बोजा निर्माण होतो. सही करण्यापूर्वी कोणत्या गटातील किती क्षेत्र लिहिले आहे ते वाचावे. एका गटाच्या तारणावर भागत असताना सर्व गट लिहून देऊ नयेत. पुढे विहीर, ठिबक किंवा गोठ्यासाठी कर्ज काढताना मोकळे क्षेत्र उपयोगी पडते. खाते सामाईक असल्यास इतर हिस्सेदारांची संमती लागते. केलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल मागून घ्यावी.

जामीनदारांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नात्यागोत्याखातर केलेली सही म्हणजे स्वतःच्या डोक्यावर घेतलेले कर्जच होय.

प्रश्न ५ : सावकार 'मुदत खरेदी' करून मागतो. पैसे दिले की जमीन परत करतो म्हणतो. हे योग्य आहे काय?

उत्तर : यात मोठा धोका आहे. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर कायद्याने तो व्यवहार गहाण मानला जात नाही. वेगळ्या कागदावर किंवा तोंडी दिलेले वचन तेथे पुरे पडत नाही. कर्जापोटी जमीन खरेदी देऊच नये. असे घडलेच असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ अन्वये जिल्हा निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. सावकारीच्या व्यवहारातून १५ वर्षांच्या आत गेलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकास परत देण्याची तरतूद त्यात आहे.

प्रश्न ६ : कर्ज पूर्ण फेडले. बोजा आपोआप जातो काय?

उत्तर : जाईल असे गृहीत धरू नये. सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. आमच्या घरचाच अनुभव सांगतो. वडिलांनी विहिरीवरील पंपासाठी गावच्या सोसायटीकडून कर्ज घेतले व मुदतीत फेडले. पुढे अनेक वर्षांनी ठिबक संचासाठी बँकेत गेलो, तेव्हा उताऱ्यावर तो जुना बोजा तसाच होता. सोसायटीचे जुने दप्तर सापडेना. वडिलांनी शेवटच्या हप्त्याची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, तिच्या आधारे दाखला मिळाला. तोपर्यंत उसाची लागण ठिबकाविना करावी लागली.

शेवटचा हप्ता भरल्यावर त्याच आठवड्यात पुढील कामे करावीत.

(अ) बँकेकडून बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याबाबत महसूल कार्यालयास पत्र, असे दोन स्वतंत्र कागद घ्यावेत. पत्रात गट क्रमांक, बोजाची रक्कम व बोजा चढविल्याचा फेरफार क्रमांक असावा.

(आ) ते पत्र तलाठ्याकडे (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) द्यावे व पोच घ्यावी. ई-हक्क प्रणालीतूनही असा अर्ज करता येतो.

(इ) नोंदणीकृत गहाणखत असल्यास गहाण सोडवल्याचा दस्त करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा.

(ई) बँकेत ठेवलेली मूळ कागदपत्रे यादीप्रमाणे मोजून परत घ्यावीत.

(उ) फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून 'इतर अधिकार' रकाना स्वतः वाचावा.

एकरकमी तडजोडीने किंवा कर्जमाफीने खाते बंद झाले असले तरी हीच पद्धत लागू आहे. बँकेने दाखला न दिल्यास लेखी अर्ज करून पोच ठेवावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. गावच्या सोसायटीबाबत तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जावे.

प्रश्न ७ : हप्ते थकल्यास बँक लगेच शेत ताब्यात घेते काय?

उत्तर : न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणास लागू नाही. परंतु वसुलीचे इतर मार्ग खुले असतात. सहकारी संस्थांना कलम १०१ अन्वये वसुली दाखला मिळवता येतो. म्हणून नोटीस न घेता परत पाठवू नये. दुष्काळ, गारपीट यामुळे पीक गेले असल्यास बँकेकडे वेळीच लेखी अर्ज करून कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी करावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. जमिनीच्या व्यवहारात तोच नियम पाळावा : आधी उतारा व फेरफार, मग वकिलाचा सल्ला, आणि शेवटी पैसे. वर्षातून एकदा, खरिपापूर्वी, आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा व आठ-अ काढून वाचण्याची सवय ठेवावी. फिटलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर राहिला असेल, तर तो आजच कमी करून घ्यावा. मुलांच्या वाट्याला मोकळी जमीन येऊ द्यावी.