दमास्कसची फुटकी थाळी

टँजिअरहून निघालेला तरुण प्रवासी इब्न बतूता १३२६ साली दमास्कसला पोहोचला, तेव्हा तेथील एका गल्लीत त्याने पाहिलेला प्रसंग, वरवर क्षुल्लक असला तरी, मला त्याच्या राजदरबारांच्या वर्णनांहून अधिक बोलका वाटतो. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी निसटून फुटली. भोवती माणसे जमली. त्यांतील एकाने तुकडे गोळा करवून त्याला भांड्यांसाठी नेमलेल्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे नेले, आणि कारभाऱ्याने, तुकडे पाहून, तशाच नव्या थाळीपुरते पैसे दिले. एरवी धन्याचा मार ठरलेलाच!

मिळकत विक्रीपासून व वारसांपासून कायमची अलग काढून तिचे उत्पन्न धर्मादायास लावणे, म्हणजे वक्फ. त्याच शहरी निर्धन वधूंच्या पाठवणीसाठी, कैद्यांच्या सुटकेसाठी, रस्त्यांच्या फरसबंदीसाठीही वक्फ होते. वाटसरूंच्या अन्नवस्त्राची तरतूद तर होतीच, कारण जकातीच्या, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेल्या दानाच्या, आठ हक्कदारांत कुराणाने 'इब्न अस्-सबील', म्हणजे 'वाटेचा पुत्र', हाही गणला आहे.

कैरोत पाणपोईला 'सबील'च म्हणतात. तेथील अमीर अब्दुर्रहमान कतखुदाने १७४४ साली बांधविलेल्या सबिलीत खाली वाटसरूंना पाणी मिळे आणि वर मुले कुराण घोकीत.