सहा सेकंदांचे तुकडे

मावशीच्या ओव्या रेकॉर्ड करायचं ठरलं ते नेमकं एप्रिलात. पंखा बंद केला तर मावशी गायला बसेना, चालू ठेवला तर घरघर. शेवटी पंखा चालूच ठेवला, फक्त गाण्याआधी तिला पाच सेकंद गप्प बसवलं. पुढचं सगळं काम त्या पाच सेकंदांवर चालतं.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये तो निव्वळ पंख्याचा तुकडा माउसने निवडायचा आणि गोंगाट म्हणजे हा, असं प्रोग्रामला सांगायचं. प्रोग्राम तो तुकडा वारंवारतेच्या बारीक पट्ट्यांमध्ये फोडतो आणि प्रत्येक पट्टीत पंखा किती आहे ते टिपून ठेवतो. मग अख्ख्या रेकॉर्डिंगवर गोंगाट घटवायची क्रिया चालवली की जिथे पट्टी पंख्याच्या पातळीच्या वर जात नाही, तिथे ती दाबली जाते. हाव धरली तर मावशी विहिरीच्या तळातून गातेय असं वाटतं. मी थोडी घरघर राहू देतो. माजघरातला आवाज स्टुडिओतला कशाला वाटायला हवा?

हे फुकट मिळणारं हत्यार पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं. डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे प्राध्यापक यांनी 1999 मध्ये काम सुरू केलं, ते आवाजाच्या विश्लेषणात काय चाललंय हे डोळ्यांना दिसावं म्हणून. 2000 च्या मे महिन्यात ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

त्यांची खरी करामत पडद्यावर दिसत नाही. तासाभराच्या रेकॉर्डिंगच्या मधून एक खोकला काढायचा, तर पुढचा सगळा डेटा डिस्कवर मागे सरकवावा लागेल. यांनी आवाजाचे जास्तीत जास्त एक एमबीचे तुकडे पाडले. नेहमीच्या सेटिंगला एका चॅनेलचे असे जेमतेम सहा सेकंद. खोकला कापला की त्याच्या कडेचे एक-दोन तुकडे नव्याने लिहायचे, बाकीच्यांची फक्त यादी बदलायची. जुन्या संगणकावरही कात्री झटकन चालायची ती यामुळे.

पण या युक्तीची किंमतही होती. काम जतन केल्यावर बनणारी ‘एयूपी’ फाइल म्हणजे नुसती यादी. आवाज शेजारच्या फोल्डरमधल्या शेकडो चिमुकल्या फाइलींत. पेनड्राइव्हवर एकटी यादी नेली की घरी जाऊन रिकामा पट्टा बघायचा. मार्च 2021 मधल्या 3.0 आवृत्तीने हे सगळं एकाच फाइलीत, एका छोट्या डेटाबेसमध्ये भरलं. इतकी वर्षं का थांबले, देव जाणे.

एमपी3 चं दुखणं वेगळं, पेटंटचं. एमपी3 बनवायला लागणारा ‘लेम’ हा एन्कोडर अनेक वर्षं वेगळा उतरवून जोडावा लागे. पेटंटं संपल्यावर तो सोबतच येऊ लागला. 2021 मध्येच म्यूझ ग्रुपने ऑडॅसिटी आपल्याकडे घेतली. वापराची माहिती गोळा करण्याच्या प्रस्तावावरून आणि नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ झाला, काहींनी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. कोड आजही खुला आहे.

मावशीच्या तिसऱ्या ओवीत कुकरची शिट्टी आहे. कापायला दोन सेकंद पुरतील, पण शिट्टी झाल्यावर ती हसलीये आणि हसू पुढच्या शब्दात मिसळलंय. तिथे मी लेबल लावून ठेवलंय: ‘मावशीला विचारणे’.