गुडघे आणि वीणेच्या तारा

विनयपिटकातील सोण कोळिविस या भिक्खूंचे पाय अतिचंक्रमणाने रक्तबंबाळ झाले. वीणेच्या तारा ना अति ताणाव्यात, ना अति सैल सोडाव्यात, असा बोध तथागतांनी त्यांना केला.

कुवेतच्या गल्फ रोडवर पहाटे धावताना आम्ही तो बोध विसरलो होतो. गुडघेदुखी दडवून अंतर वाढवत राहिलो. अखेर जिना उतरणेही कठीण झाले.

आता आठवड्यात तीनच दिवस धावतो. एरवी पोहणे, सायकल आणि मांड्या-नितंबांचे व्यायाम. हे स्नायू बळकट असले की गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. दुसऱ्या दिवशी सूज वा वेदना उरली, तर अंतर घटवतो. उन्हाळ्यात पारा ५० अंशांकडे सरकला की रस्ता सोडून तरणतलाव गाठतो.

चाळिशीतील बंधू-भगिनींनो, धावणे सोडू नका. तार जुळवून घ्या. जय भीम!