अक्षरही आज, पुस्तकही आज

फलटण तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. वाचन शिकवण्याची जुनी वाट इथल्या प्रत्येक पालकाला पाठ आहे: आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि हे सगळं घोटून झालं की पुस्तक. या रांगेत बरीच मुलं मध्येच गळतात. पुस्तकाची पाळी येईपर्यंत वाचन म्हणजे घोकंपट्टी, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. माझ्या वर्गात ही रांग नाही. अक्षरांचं काम आणि पुस्तकाचं काम दोन्ही रोज होतं, अगदी पहिलीच्या पहिल्या आठवड्यापासून. एवढं सगळं एका दिवसात बसतं कसं, ते जानेवारीतल्या एका मंगळवारच्या हिशेबाने सांगते.

सकाळी ९.४५

पोरं यायच्या आत दोरी बघून घेते. वर्गाच्या दोन भिंतींना मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधली आहे आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवली आहेत, मुखपृष्ठ समोर करून. कपाटातली पुस्तकं कोरी राहतात, दोरीवरची फाटतात. फाटलेली बरी. चिकटपट्टी स्वस्त असते.

पुस्तकं जमवायला फार पैसा लागत नाही. थोडी शाळेच्या अनुदानातून घेतली. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक गावातल्या एका घरातून मिळाले. हे मासिक १९७१पासून निघतंय, त्यामुळे एका अंकावर आधी आईचं आणि खाली लेकीचं नाव आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट उतरवता येतात. त्या तालुक्याला छापून आणून मधोमध स्टेपल केल्या की पुस्तक तयार.

दाराशेजारच्या भिंतीवर मुलांनीच आणलेला छापील माल चिकटवला आहे: बिस्किटाचा पुडा, एसटीचं तिकीट, लग्नपत्रिका, खताच्या गोणीचा तुकडा. अजून एकही अक्षर न येणारं पोरसुद्धा पुड्यावरचं नाव ‘वाचतं’. छापलेल्याला काही अर्थ असतो हे त्याला आधीच कळलेलं आहे. पुढचं सगळं त्याच्यावर उभं करायचं.

१०.१५

सगळ्या शाळेचा परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. त्यानंतर सुविचाराच्या जागी आम्ही ‘आपली बातमी’ घेतो. एक मूल काहीतरी सांगतं, मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, जसं सांगितलं तसं.

आजची पाळी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून आलेल्या मुलीची. तिच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी पत्रक घेऊन ती आली आणि दुसरीत बसली. पहिले काही दिवस तोंडातून शब्द नव्हता. आज ती म्हणते, “आमची बैलं वाढं खातात.” वाढं म्हणजे उसाचे शेंडे. फळ्यावर तेच येतं. मी प्रत्येक शब्दाखाली पट्टी सरकवत वाचते, मग सगळे वाचतात, मग ती एकटी. तिसरीतला एक विचारतो, “नुसतं वाढंच खातात?” मग कडबा, पेंड असं सगळं निघतं आणि फळ्यावर अजून दोन वाक्यं वाढतात. पहिलीची मुलं येऊन त्यातल्या ‘त’ला गोल करतात. स्वतःच्या तोंडचं वाक्य वाचायला मुलाला अर्थ शोधत बसावं लागत नाही. सगळी ताकद अक्षरांवर लावता येते.

१०.४५

गोष्ट वाचून दाखवायची वेळ. हा अर्धा तास मी कशासाठीही सोडत नाही. मुलं सतरंजीवर अर्धगोलात, पुस्तक माझ्या हातात, चित्रं त्यांच्याकडे. आज माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ या संचातलं पुस्तक आहे. कालही हेच होतं, उद्याही असेल. एकच पुस्तक सलग वाचलं की तिसऱ्या दिवशी मुलं वाक्य माझ्याआधी पुरं करतात, आणि दुपारी तेच पुस्तक दोरीवरून काढून ‘वाचायला’ बसतात. त्यातलं निम्मं पाठ असतं, निम्मं खरं वाचन. दोन्ही चालतं.

तात्पर्य विचारायचं नाही, एवढा नियम मी पाळते. त्याऐवजी, “आता काय होईल?”, “तिला राग का आला असेल?”, “तुझ्या घरी असं झालं तर?” उत्तर चुकीचं नसतं, पण “कशावरून?” हे मात्र विचारते. मग मूल चित्रात किंवा वाक्यात बोट दाखवतं. ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलाच्या कानावर पुस्तकातली भाषा पडायची ही एकच जागा आहे. ती आधी कानावर पडली नाही, तर पुढे अक्षरं जुळवूनही त्याच्या हाती काही लागत नाही.

११.१५

आता अक्षरं. पहिलीला सगळी मुळाक्षरं एका ओळीने देत नाही. पाच अक्षरांचा गट घ्यायचा: क, म, ल, न, प. सोबत फक्त काना. एवढ्या सामानात काय काय होतं बघा: कान, नाक, पान, माप, काम, लाल, कमल, कलम, कमान, कमाल. आणि ‘पाल’. मुलं बाटलीच्या बुचांवर लिहिलेली अक्षरं जमिनीवर मांडून शब्द करतात. एकाने ‘काका, पाल!’ मांडलं आणि शेजारची तीन पोरं पाय वर घेऊन ओरडली. पाच अक्षरांत गोष्ट झाली. हा गट बोटाखाली बसला की पुढची चार-पाच अक्षरं आणि एखादी वेलांटी.

असं करण्याला कारण आहे. पस्तीसेक व्यंजनांना दहा-बारा स्वरचिन्हं लागली की साडेतीनशे-चारशे आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडसारख्या, आपल्याच जातकुळीच्या लिपीत सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात दिसलं, की मुलांची अक्षरओळख चौथी-पाचवीपर्यंत चालूच असते. म्हणजे ‘सगळी अक्षरं आली की पुस्तक देऊ’ म्हणणारी शाळा पुस्तक देणार चौथीत. तोवर मूल थांबत नाही, कंटाळतं. आमच्या फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि मराठी वाचन कसं शिकवावं यावर तिथे अनेक वर्षं काम झालं. अक्षर अर्थापासून तोडून शिकवू नये, हा विचार या भागातल्या शिक्षकांना त्यामुळे नवा नाही.

दुपारी १२.००

छोटे गट. दुसरीची चार मुलं माझ्यासमोर, बाकीची जोडीने बुचं किंवा पुस्तकं घेऊन. या चौघांना मी एकेक ओळ वाचायला लावते आणि कान देऊन ऐकते.

एक मुलगा ‘दिवस’ या शब्दापाशी अडतो. “द ला पहिली वेलांटी दि, व, स...” असं सगळं म्हणतो आणि गप्प. बाराखडी त्याला चोख येते, शब्द येत नाही. त्यात अडचण दुहेरी आहे. पहिली वेलांटी डोळ्याला ‘द’च्या आधी दिसते आणि तोंडाला नंतर येते, शिवाय वेलांटीचं नाव घेता घेता आवाज विसरतो. मी वेलांटीवर बोट ठेवून झाकते, ‘द’ म्हणायला लावते, बोट काढते: “आता?” “दि.” मग न थांबता, ओढत, “दिऽवस.” आणखी दोन शब्द, दिवा आणि पिवळा, आणि गाडी निघते. ‘सूर्य’ आला की असाच घोळ रफाराचा. ‘य’च्या डोक्यावरचा ‘र’ आधी बोलायचा. असे अडखळे वर्गाला एकत्र शिकवून सुटत नाहीत. प्रत्येकाचा अडखळा वेगळ्या जागी असतो आणि तो चौघांतच ऐकू येतो.

जे मूल अडलं, त्याच्यासाठी बाकीच्यांनी शब्द पुरवायचा नाही. पाच बोटं मनात मोजायची, मग मदत. वर्गातली सगळ्यात अवघड शिस्त हीच.

१.००

जेवणाची सुट्टी. पोषण आहाराचा फलक वाचायचं काम दुसरीचं असतं: ‘आज: भात, मटकीची उसळ’. मावशी काय शिजवतायत ते वासावरून आधीच कळलेलं असतं, तरी वाचणाऱ्याभोवती गर्दी होते. मी ताटांची संख्या ॲपवर भरते. सकाळपासून कपाटात ठेवलेल्या फोनवर ‘तातडीची माहिती’ म्हणून तीन निरोप थांबलेले आहेत.

२.००

लेखन. फळ्यावरचं उतरवून काढायला मी जवळजवळ देतच नाही. कर्नाटकातलं यादगीर आणि आपल्याकडचा वाडा तालुका इथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग ठेवणाऱ्या लिरिल अभ्यासाचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला किती वेळ उतरवून काढण्यात जातो आणि त्यातून वाचन किती कमी येतं, हे त्यात दिसलं. शिक्षकांना ते आतून माहीत होतंच.

आम्ही मनाने लिहितो. आधी चित्र, मग चित्राखाली एक ओळ. पहिलीतल्या मुलीने चूल काढली आहे आणि खाली लिहिलंय: ‘मझ आई भकर करत’. लाल पेनाने यात पाच गोल करता येतील. मला मात्र दिसतं ते असं: व्यंजनं सगळी बरोबर, क्रम बरोबर, शब्दांत अंतर सोडलंय, स्वरचिन्हं सुटलीयत. म्हणजे तिला उद्या काय शिकवायचं ते तिनेच लिहून दिलंय. “वाचून दाखव,” म्हटल्यावर ती ‘माझी आई भाकरी करते’ असं खडखडीत वाचते. मी खाली तेच वाक्य नीट लिहिते, काही न बोलता. ती दोन्ही ओळी बघते आणि ‘माझी’तला काना आपल्या ओळीत घालते. आज एवढं पुरे.

३.४५

मधला वेळ गणिताचा आणि खेळाचा. आता सरांचा वर्ग आमच्यात येतो: जोडीवाचन. चौथीचं एक मूल, पहिलीचं एक. मोठ्याने वाचून दाखवायचं, धाकट्याने पानं उलटायची. चौथीतल्या ज्या मुलांचं वाचन कच्चं आहे, त्यांना यात सगळ्यात जास्त फायदा होतो. त्यांच्या वयाला सोपी पुस्तकं वाचायची त्यांना लाज वाटते. धाकट्याला वाचून दाखवायचं म्हटलं की तेच पुस्तक ते घरी नेऊन तयारी करून येतात.

मग देवघेव. वही दोरीला बांधलेली, नाव आणि पुस्तकाचं नाव मुलांनीच लिहायचं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून लिहिलेलं पुस्तकाचं नाव कधी तीन अक्षरांतच संपतं, पण नोंद त्याची त्यानेच करायची. बीडच्या मुलीने आज दोन पुस्तकं मागितली. एक तिला, एक कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, थांबणाऱ्या, शाळेत न येणाऱ्या थोरल्या भावाला. दोन्ही दिली.

४.३०

रोज दोन-तीन मुलांचं वाचन एकेकट्याने ऐकून वहीत नोंद. पायऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणासारख्याच: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. असरच्या २०२४च्या अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती; २०२२ साली हा आकडा १६.३ होता. चढता आहे, पण चारातली तीन मुलं अजून बाहेरच आहेत. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे, की २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत.

शब्द मोजायला घड्याळ पुरतं. ‘समजून’ मोजायला बसावं लागतं. म्हणून वेगाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला आहे: वाचल्यावर मुलाने स्वतःहून काय विचारलं किंवा सांगितलं. आजचा भरभर वाचणारा मुलगा त्यात कोरा राहिला. अडखळत वाचणारीने मात्र विचारलं, “ती आजी एकटीच का राहते?” उद्या गोष्टीच्या वेळी त्याला माझ्या शेजारी बसवणार, आणि तिला बारा वाजताच्या छोट्या गटात.

५.१५

मुलं गेली. उद्याची बुचं डब्यात मोजून ठेवते, फोनवरची माहिती भरते. ती भरायला हरकत नाही, वेळेला आहे. वर सांगितलेल्यातलं जवळजवळ सगळं वाचनाचं शिकवणं पावणेअकरा ते एक या वेळात झालं. तेव्हाच मुलं ताजी असतात आणि तेव्हाच फोन सगळ्यात जास्त वाजतो. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, या महिन्याच्या शिक्षण परिषदेत मी एकच ठराव मांडणार आहे: पहिली-दुसरीच्या शिक्षकांकडे एक वाजेपर्यंत कोणी कसलीही माहिती मागू नये. नवं साहित्य नको, नवं प्रशिक्षणही नको. सव्वादोन तास द्या, मुलं वाचायला लागतील.